मिनेरावचे सात गोल: एका पराभवाची चिकित्सा

एखादा फुटबॉल संघ मोठ्या फरकाने हरला की त्याच्या पराभवाचा हिशेब साधारणपणे दोन स्वतंत्र खात्यांत मांडला जातो; गोल झाले नाहीत याचा दोष आघाडीपटूंच्या माथी आणि गोल स्वीकारावे लागले याचा दोष बचावपटू व गोलरक्षकाच्या माथी मारला की चिकित्सा पूर्ण झाली असे समजले जाते. ही वाटणी सोयीची असली तरी खेळाच्या प्रत्यक्ष व्यवहाराशी ती जुळत नाही, कारण फुटबॉलमध्ये क्रिकेटप्रमाणे फलंदाजीची आणि गोलंदाजीची पाळी वेगळी नसते. चेंडू ज्या क्षणी हातचा जातो त्या क्षणी आक्रमणासाठी पसरलेला संघ बचाव करणारा संघ ठरतो, आणि तो कितपत बचाव करू शकेल हे आधीच्या काही सेकंदांत त्याचे अकरा खेळाडू आक्रमण करताना कुठे उभे होते यावरून बहुतांशी ठरलेले असते. 8 जुलै 2014 रोजी बेलो होरिझोंते शहरातील मिनेराव मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत यजमान ब्राझीलचा जर्मनीने 7-1 असा जो पराभव केला, त्याच्याइतके या नात्याचे स्पष्ट उदाहरण आधुनिक फुटबॉलमध्ये क्वचितच सापडेल.

पराभवाचे मोजमाप आधी नोंदवणे योग्य ठरेल. थॉमस म्युलरने 11व्या मिनिटाला पहिला गोल केला. 23व्या मिनिटाला मिरोस्लाव क्लोजे, 24व्या आणि 26व्या मिनिटाला टोनी क्रूस, तर 29व्या मिनिटाला सामी खेदिरा यांनी आणखी चार गोल केले आणि अर्ध्या तासाच्या आतच सामन्याचा निकाल लागला. उत्तरार्धात बदली खेळाडू आंद्रे शुर्लेने 69व्या आणि 79व्या मिनिटाला भर घातली व अगदी शेवटी ऑस्करने ब्राझीलचा एकमेव गोल केला. ब्राझीलच्या इतिहासात याआधी एवढ्या फरकाचा पराभव 1920 साली उरुग्वेविरुद्ध 0-6 असा झाला होता. मायदेशातील स्पर्धात्मक सामन्यांत ब्राझील त्यापूर्वी 1975 साली कोपा अमेरिका स्पर्धेत पेरूकडून हरला होता, तोही याच मिनेराव मैदानावर, आणि त्यानंतरची 62 सामन्यांची अपराजित मालिका या रात्री खंडित झाली. गोव्यात आणि कोल्हापुरात ब्राझीलवर जीव टाकणारा जो मोठा प्रेक्षकवर्ग आहे, त्याने भारतीय वेळेनुसार रात्री दीड वाजता सुरू झालेला हा सामना पाहिला, आणि इतरत्र विचारला गेलेला प्रश्न तिथेही विचारला गेला: नेमार आणि थिआगो सिल्वा खेळले असते तर?

या प्रश्नात तथ्य आहे, पण त्यावर थांबल्यास चिकित्सा अर्धवट राहते. नेमारच्या कण्याच्या मणक्याला उपांत्यपूर्व फेरीत कोलंबियाविरुद्ध खेळताना अस्थिभंग झाला होता, आणि कर्णधार थिआगो सिल्वाला त्याच सामन्यात स्पर्धेतील दुसरे पिवळे कार्ड मिळाल्याने एका सामन्याची बंदी आली होती. प्रशिक्षक लुईझ फेलिपे स्कोलारी यांनी नेमारच्या जागी बर्नार्डला आणि सिल्वाच्या जागी दांतेला घेतले, मात्र संघाची मांडणी जशीच्या तशी ठेवली. ही मांडणी 4-2-3-1 या नावाने ओळखली जाते: गोलरक्षकापुढे चार बचावपटू, त्यांच्यापुढे मधल्या फळीत दोन खेळाडू, त्यांच्याही पुढे तीन आक्रमक खेळाडू आणि सर्वांत पुढे एकटा आघाडीपटू. तिचे बळ आणि तिचा धोका दोन्ही मधल्या जोडीवर अवलंबून असतात, कारण पुढचे चौघे आक्रमणात गुंतले आणि दोन्ही बाजूंचे बचावपटूही वर सरकले की मैदानाचा संपूर्ण मध्यभाग या दोघांनाच सांभाळावा लागतो. त्या दिवशी हे दोघे लुईझ गुस्ताव्हो आणि फर्नांदिन्यो होते.

समोर जर्मनीने मधल्या भागात श्वाइनस्टायगर, खेदिरा आणि क्रूस असे तिघे उभे केले होते. शिवाय मेसुत ओझिल कडेवरून वारंवार आत येत असल्याने प्रत्यक्षात ही संख्या चारवर जात होती. ऑस्कर मागे येऊन मदत करेल असे गृहीत धरले तरी ब्राझील तिथे एकाने कमी पडत होता, आणि ऑस्करला तर आक्रमणाची सूत्रेही हाती घ्यायची होती. मधल्या फळीतील ही संख्येची उणीव खेळाडूंच्या नावांपेक्षा अधिक निर्णायक होती. नेमार खेळला असता तरी तो चेंडू घेण्यासाठी पुढेच थांबला असता आणि मागच्या दोघांची संख्या वाढली नसती.

आक्रमणातील उणीव मात्र या सामन्यात जन्मलेली नव्हती. ती आधीच्या विजयांनी झाकून ठेवली होती. संपूर्ण स्पर्धेत ब्राझीलने 11 गोल केले आणि त्यांपैकी चार एकट्या नेमारचे होते, तर मुख्य आघाडीपटू फ्रेडच्या नावावर एकच गोल, तोही साखळी फेरीत कॅमेरूनविरुद्ध, जमा झाला. यापेक्षा बोलकी गोष्ट अशी की बाद फेरीत जर्मनीशी गाठ पडण्यापूर्वीच्या दोन सामन्यांत ब्राझीलने जे तीन गोल केले, ते तिन्ही मध्यवर्ती बचावपटूंनी केले होते आणि तिन्ही थांबलेल्या चेंडूवर, म्हणजे कॉर्नर किंवा फ्री किकवर, झाले होते. चिलीविरुद्ध डेव्हिड लुईझने कॉर्नरवर, कोलंबियाविरुद्ध थिआगो सिल्वाने कॉर्नरवर आणि त्याच सामन्यात डेव्हिड लुईझने दूरवरून मारलेल्या फ्री किकवर हे गोल केले, आणि दोन्ही कॉर्नर नेमारने घेतलेले होते. थांबलेल्या चेंडूवर गोल करणे हे कौशल्यच आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण वाहत्या खेळात पास देत-घेत प्रतिस्पर्ध्याची बचावफळी उघडण्याची क्षमता संघात उरली नव्हती, हे या तीन गोलांवरून उघड दिसत होते. उपांत्य फेरीत कॉर्नर घेणारा नेमारही नव्हता आणि त्या कॉर्नरवर डोके लावणारा सिल्वाही नव्हता. बाद फेरीत वाहत्या खेळातून ब्राझीलने केलेला एकमेव गोल म्हणजे 0-7 अशा स्थितीत ऑस्करने केलेला तो गोल.

वाहत्या खेळातून संधी का निर्माण होत नव्हत्या, याचे उत्तर पुन्हा मधल्या फळीकडेच नेते. फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असते, आणि एवढ्या जागेत दहा खेळाडूंनी एकमेकांपासून किती अंतर ठेवावे हा डावपेचांचा मूळ प्रश्न आहे. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात एसी मिलानचे प्रशिक्षक अरिगो साक्की यांनी सर्वांत मागचा बचावपटू आणि सर्वांत पुढचा आघाडीपटू यांच्यात सुमारे 25 मीटरचेच अंतर असावे असा आग्रह धरला होता, आणि संघ असा आटोपशीर राहिला तर पास छोटे व सुरक्षित होतात, चेंडू गमावला तरी त्याच्याभोवती तीन-चार खेळाडू लगेच जमू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. स्कोलारी यांचा संघ याच्या नेमका उलट लांबलेला होता. डेव्हिड लुईझ मागून लांबच लांब चेंडू थेट फ्रेड किंवा हल्क यांच्या दिशेने मारत असे, कारण मधल्या टप्प्यावर पास घ्यायला मोकळा सहकारीच नसे. असा हवेतून आलेला चेंडू बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या उंच बचावपटूंकडे जाई, आणि तिथून तो परत आला की त्याच रिकाम्या मधल्या टप्प्यातून प्रतिस्पर्धी थेट ब्राझीलच्या बचावफळीसमोर येऊन ठाके. फ्रेडची त्याच्याच देशवासीयांनी त्या रात्री हुर्यो उडवली. पण ज्या आघाडीपटूपर्यंत पायावर चेंडू पोहोचतच नाही त्याच्यावर गोल न केल्याचा ठपका ठेवणे हा अन्यायच होय.

आता गोल कसे झाले ते पाहता येईल, आणि त्यांतील चौथ्या गोलापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. तिसरा गोल झाल्यावर मध्यरेषेवरून खेळ पुन्हा सुरू झाला, चेंडू ब्राझीलकडेच होता, आणि क्रूसच्या दोन गोलांमध्ये जेमतेम 69 सेकंद गेले. दांतेने मागून फर्नांदिन्योला पास दिला तेव्हा फर्नांदिन्योचे तोंड स्वतःच्या गोलकडे आणि पाठ जर्मन खेळाडूंकडे होती. अशा स्थितीत चेंडू घेणाऱ्याला मागून कोण येत आहे हे दिसत नाही, म्हणून तो एका स्पर्शात परत देता येईल असा सहकारी जवळ असावा लागतो, आणि पास देणाऱ्याने धोक्याची सूचना ओरडून द्यावी लागते. फर्नांदिन्योजवळ असा कोणीही नव्हता. मागून धावत आलेल्या क्रूसने त्याच्या पायातून चेंडू हिसकावला, डावी-उजवीकडे न पाहता खेदिराला दिला, आणि गोलरक्षक ज्युलिओ सेझार समोर असताना खेदिराने स्वतः न मारता तो पुन्हा क्रूसपुढे सरकवला. रिकाम्या गोलमध्ये चेंडू ढकलण्याएवढेच काम क्रूसला उरले होते. या गोलाचा दोष कोणाचा, असा प्रश्न केल्यास चित्रफितीत बोट फर्नांदिन्योकडेच जाते. पण ज्या वेळी संघाने चेंडू शांतपणे ताब्यात ठेवून श्वास घ्यायला हवा होता, त्या वेळी मधल्या टप्प्यात त्याला पासचे दोन पर्यायही उपलब्ध नव्हते, ही त्याहून मोठी चूक होती आणि ती एका माणसाची नव्हती.

प्रतिस्पर्ध्याने चेंडू घेताच त्याच्यावर धावून जाऊन त्याला चूक करायला भाग पाडण्याच्या या तंत्राला प्रेसिंग म्हणतात. ते एकट्याने करायचे काम नसते. पहिला खेळाडू धावून गेला की बाकीच्यांनी जवळच्या पासच्या वाटा बंद करायच्या असतात, अन्यथा एका पासमध्ये धावणाऱ्याचे सगळे श्रम वाया जातात. जर्मनीच्या मधल्या फळीने ते एकजुटीने केले. ब्राझीलचे आघाडीचे चौघे मात्र सामन्याच्या आरंभी मोठ्या आवेशाने, पण एकेकटे धावून गेले, आणि त्यांच्या मागची जोडी तेवढ्या वेगाने वर न सरकल्याने दोहोंच्या मध्ये जर्मन खेळाडूंना वळायला, मान वर करून पाहायला आणि पास निवडायला भरपूर जागा मिळाली. दुसऱ्या गोलाच्या वेळी क्रूसचा पास अशाच मोकळ्या जागेतून गोलसमोरच्या पेनल्टी पेटीत म्युलरपर्यंत गेला, त्याने तो हलकेच क्लोजेकडे वळवला, सेझारने पहिला फटका अडवला तरी परत आलेला चेंडू क्लोजेच्याच पायावर पडला, आणि विश्वचषकातील 16वा गोल करून त्याने ब्राझीलच्याच रोनाल्डोचा विक्रम मोडला. तिसरा गोल जर्मनीच्या उजव्या बाजूने फिलिप लामने दिलेल्या क्रॉसवर झाला. ही बाजू मार्सेलोने सांभाळायची होती, पण मार्सेलो हा स्वभावाने आक्रमण करणारा बचावपटू असून तो पुढे गेला असता त्याची जागा भरून काढण्याची पक्की व्यवस्था संघात नव्हती. शुर्लेचा पहिला गोलही लामच्याच पासवर झाला. पाचव्या गोलात तर मध्यवर्ती बचावपटू मॅट्स हुमेल्स चेंडू घेऊन स्वतःच पुढे निघाला आणि त्याला अडवायला बराच वेळ कोणी आले नाही. त्याने खेदिराला पास दिला, खेदिराने ओझिलशी देवाणघेवाण केली आणि चेंडू जाळ्यात गेला.

पहिला गोल वेगळ्या जातीचा आहे. तो कॉर्नरवर झाला आणि तिथे मांडणीपेक्षा माणूस चुकला असे म्हणता येते. कॉर्नरच्या वेळी प्रत्येक बचावपटूला एकेक प्रतिस्पर्धी नेमून देणे, ज्याला मॅन मार्किंग म्हणतात, ही एक पद्धत, आणि गोलसमोरची जागा वाटून घेणे ही दुसरी. माणूस नेमून दिलेला असला की आक्रमक संघ गर्दीत एकमेकांच्या आडून धावतो आणि पाठलाग करणाऱ्याची वाट अडते. म्युलरने हेच केले. डेव्हिड लुईझ गर्दीत अडखळला आणि म्युलर दूरच्या बाजूला पूर्णपणे एकटा उरला. एरवी संघाची बचावफळी थिआगो सिल्वा हाकत असे. त्याच्या गैरहजेरीत कर्णधारपद लुईझकडे आले, आणि पिछाडीवर पडल्यानंतर बचावाची शिस्त राखण्याऐवजी तो स्वतःच बरोबरी साधण्यासाठी वारंवार पुढे धावू लागला. त्याच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, परंतु मध्यवर्ती बचावपटूने अशा वेळी जागेवर उभे राहणे हीच संघाची सर्वांत मोठी सेवा असते. सिल्वाची उणीव भासली ती इथे.

सामन्याची आकडेवारी पाहणाऱ्याला मात्र भलतेच चित्र दिसते. चेंडूचा ताबा ब्राझीलकडे 52 टक्के वेळ होता आणि गोलच्या दिशेने ब्राझीलने 18 फटके मारले, तर जर्मनीने 14. केवळ ही दोन ओळींची नोंद वाचली तर ब्राझील जिंकला असावा असा समज होईल. याचे कारण असे की मोठी आघाडी मिळालेला संघ जोखीम कमी करतो, चेंडू प्रतिस्पर्ध्याला सोडतो आणि मागे थांबतो. त्यामुळे पिछाडीवरील संघाच्या नावावर ताबा आणि फटके आपोआप जमा होतात. विश्लेषक याला गुणफलकाचा परिणाम मानतात, आणि पराभवाची चिकित्सा करताना गुणफलक कोणत्या वेळी काय होता हे पाहिल्याशिवाय कोणताही आकडा वापरू नये हा त्यातून निघणारा नियम होय. फटक्यांची संख्या मोजण्याऐवजी त्यांचा दर्जा मोजण्यासाठी पुढच्या काळात 'एक्स्पेक्टेड गोल्स' हे परिमाण रूढ झाले: फटका किती अंतरावरून, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने मारला यांसारख्या बाबींवरून तो गोल होण्याची शक्यता 0 ते 1 या दरम्यान मांडली जाते, आणि पेनल्टीसारख्या उत्तम संधीला सुमारे 0.76 हे मूल्य मिळते. हे परिमाण उपयुक्त असले तरी ते फटक्यापासून मोजायला सुरुवात करते. फर्नांदिन्योच्या मागे कोणी नव्हते ही बाब त्यात येत नाही.

आणखी एक आकडा सहसा दुर्लक्षिला जातो, तो फाउलचा. कोलंबियाविरुद्ध ब्राझीलने 31 फाउल केले होते, आणि ते सगळे काही रागाच्या भरात झालेले नव्हते. चेंडू गमावल्यावर प्रतिहल्ला वेग घेण्याआधीच मैदानाच्या मध्यावर किरकोळ फाउल करून खेळ थांबवायचा आणि तेवढ्या वेळात सगळ्यांनी मागे येऊन जागा धरायच्या, ही एक डावपेचात्मक सवय असते. ब्राझीलची विस्कळीत मांडणी आधीच्या फेरीत या फाउलांच्या आधारावर उभी राहिली. जर्मनीविरुद्ध त्यांचे फाउल अवघे 11 होते. जर्मन खेळाडू चेंडू एक-दोन स्पर्शांतच पुढे देत असल्याने ब्राझीलचा खेळाडू फाउल करण्याएवढ्याही अंतरावर पोहोचत नव्हता. आधार काढून घेतल्यावर मांडणीचे खरे स्वरूप उघडे पडले.

पराभवानंतर ब्राझीलच्या प्रशिक्षकांच्या गोटातून 23व्या ते 29व्या मिनिटापर्यंतच्या त्या सहा मिनिटांत अचानक सगळे बिघडले, असा खुलासा पुढे आला. घरच्या प्रेक्षकांचे दडपण, राष्ट्रगीताच्या वेळी नेमारचा दहा क्रमांकाचा शर्ट उंचावून उभे राहिलेले खेळाडू आणि त्यांच्या भावना यांवर पुष्कळ लिहिले गेले, आणि एकामागून एक गोल होऊ लागल्यावर संघ मनाने खचला हेही खरेच आहे. पण खचलेला संघही आटोपशीर मांडणीत असेल तर तो तीन गोल खाऊन थांबतो. विस्कळीत संघाला थांबायला जागाच उरत नाही. शिवाय हे अचानक घडलेले नव्हते. चिलीविरुद्ध याच मैदानावर मार्सेलोच्या थ्रो-इननंतर हल्कने स्वतःच्या भागात निष्काळजी पास दिला आणि त्यावर अलेक्सिस सांचेझने गोल केला होता. अतिरिक्त वेळेच्या अखेरीस मॉरिसिओ पिनिलाचा फटका आडव्या खांबावर आदळला नसता तर ब्राझील तेव्हाच स्पर्धेबाहेर गेला असता. इशारे मिळाले होते, पण निकाल बाजूने लागल्याने त्यांची दखल घेतली गेली नाही.

जर्मनीने नेमके उलटे केले. अल्जीरियाविरुद्ध 2-1 असा विजय अतिरिक्त वेळेत मिळवताना त्यांच्या बचावफळीच्या मागची मोकळी जागा वारंवार उघडी पडली होती आणि गोलरक्षक मॅन्युएल नॉयरला पेटीबाहेर धावत येऊन चेंडू दूर करावे लागले होते. तो सामना जिंकूनही प्रशिक्षक योआखिम लोव यांनी फ्रान्सविरुद्धच्या पुढच्या सामन्यात लामला मधल्या फळीतून काढून उजव्या बचावपटूच्या जागी नेले, बोआटेंगला मध्यभागी आणले आणि खेदिरा व श्वाइनस्टायगर यांची जोडी जमवली. विजयाचीही चिकित्सा करण्याची ही तयारी उपांत्य फेरीतील फरकाचे मोठे कारण होते, आणि 13 जुलै रोजी माराकाना मैदानावर अर्जेंटिनाला 1-0 असे हरवून जर्मनीने विश्वचषक जिंकला. त्याच्या आदल्या दिवशी ब्राझील तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात नेदरलँड्सकडून 0-3 असा हरला होता, आणि त्यामुळे स्पर्धेत ब्राझीलने स्वीकारलेल्या गोलांची संख्या 14 झाली.

मध्यंतराला स्कोलारी यांनी फर्नांदिन्यो आणि हल्क यांना बाहेर काढून पॉलिन्यो आणि रामिरेस या मधल्या फळीतील दोघांना उतरवले, तेव्हा मध्यभागी संख्या वाढली आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला नॉयरला लागोपाठ अवघड बचाव करावे लागले. 0-5 अशा स्थितीत जर्मनीही सैलावली होती, त्यामुळे या सुधारणेला जास्त वजन देता येत नाही. तरी ती कोणत्या दिशेने झाली हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यानंतर प्रशिक्षक दुंगा यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत प्रश्न सुटला नाही, आणि 2018च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील पहिल्या सहा सामन्यांत ब्राझीलने आठ गोल स्वीकारले. जून 2016 मध्ये तिते प्रशिक्षक झाले आणि त्यांनी बचावफळीपुढे एक व त्याच्यापुढे चौघे अशी 4-1-4-1 मांडणी आणून फळ्यांमधली अंतरे कमी केली; उरलेल्या बारा पात्रता सामन्यांत ब्राझीलने तीनच गोल स्वीकारले. 10 नोव्हेंबर 2016 रोजी ब्राझील मिनेराव मैदानावर उतरला तेव्हा समोर लिओनेल मेस्सीचा अर्जेंटिना होता, डाव्या बाजूला मार्सेलो होता, मधल्या फळीत पॉलिन्यो होता, बचावफळीपुढच्या त्या एकट्या जागेवर फर्नांदिन्यो होता, आणि सामना ब्राझीलने 3-0 असा जिंकला.